जुन्या गाडीची किल्ली हट्टाला पेटते तेव्हा

किल्ली मध्येच अडकते, हलवून हलवून फिरवावी लागते, कधी चालू गाडीतून अलगद हातात येते. 'जुनी गाडी आहे, चालायचंच' म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतो. पण त्या बोटभर कुलपावर गाडीची आणि गाडीत बसणाऱ्यांची सुरक्षितता अवलंबून असते.

सकाळची घाईची वेळ. सोसायटीच्या आवारात एक पांढरी मारुती ८०० उभी आहे. मुलाचा परीक्षेचा पहिला पेपर, आई स्टिअरिंगवर, आणि किल्ली काही केल्या फिरत नाही. मग वरच्या गॅलरीतून सूचना येते, "अगं, आधी किल्ली थोडी बाहेर ओढ, मग जरा उजवीकडे दाब, आणि फिरवताना स्टिअरिंग हलव!" या मंत्राने गाडी सुरू होते आणि सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात.

जुनी गाडी सांभाळणाऱ्या बहुतेक घरांत असा एखादा मंत्र असतो आणि तो येणारा एक जाणकारही असतो. तो जाणकार परगावी गेला की गाडी दारातच उभी राहते. खरे तर ज्या दिवशी असा मंत्र लागू लागला, त्याच दिवशी कुलपाने आपले आयुष्य संपत आल्याची सूचना दिलेली असते.

याचे आश्चर्य वाटायला नको. दिवसातून चारच वेळा किल्ली फिरवली असे धरले, तरी वीस वर्षांत ती एकोणतीस हजारांहून अधिक वेळा फिरते. भारतीय मध्यमवर्गाला गाडीत बसवणारी मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी तिची सर्वांत धाकटी बहीणदेखील दहा वर्षांपलीकडची आहे. अम्बॅसडरही २०१४ मध्येच बंद झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी त्याच्याही कितीतरी आधी थांबली. या गाड्या ज्यांनी हौसेने किंवा गरजेने जपल्या आहेत, त्यांनी इंजिनचे काम केलेले असते, रंग काढलेला असतो, सीटची कव्हरे दोनदा बदललेली असतात. कुलूप मात्र बहुधा पहिलेच असते.

एका कुलपात तीन वस्तू

आपण ज्याला 'इग्निशन लॉक' म्हणतो ती एक वस्तू नसून तीन वस्तूंची जोडणी असते. कुठे काय बिघडले हे समजायचे असेल, तर या तिघांची ओळख करून घेणे बरे.

पहिला भाग म्हणजे प्रत्यक्ष कुलूप. किल्ली जिथे शिरते त्या नळकांड्यात पितळेच्या बारीक पत्त्या एकामागे एक बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीला केसासारखी स्प्रिंग असते. किल्ली आत नसताना या पत्त्यांची टोके बाहेर डोकावतात आणि नळकांडे फिरू देत नाहीत. योग्य किल्ली आत गेली, की तिच्या खाचांमुळे सगळ्या पत्त्या एका पातळीत येतात आणि नळकांडे मोकळे होते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने किल्लीच्या खाचाही झिजतात आणि पत्त्याही. मग एखादी पत्ती किंचित वर राहते आणि किल्ली अडते. झीज आणखी वाढली की उलटाच प्रकार होतो. पत्त्या इतक्या गुळगुळीत होतात, की शेजाऱ्याची किल्ली, कपाटाची किल्ली, कधी सपाट पट्टीसुद्धा चालून जाते.

दुसरा भाग स्टिअरिंगचे कुलूप. किल्ली काढून स्टिअरिंग थोडे फिरवले की 'खट्' असा आवाज होतो. एक पोलादी खिळा स्टिअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत जाऊन बसल्याचा तो आवाज असतो. चोराने तारा जोडून इंजिन सुरू केले, तरी त्याला गाडी वळवता येऊ नये ही त्यामागची कल्पना.

तिसरा भाग म्हणजे विजेचा स्विच. तो कुलपाच्या पाठीमागे असतो. बॅटरीतून आलेला प्रवाह इंजिनकडे, दिव्यांकडे, स्टार्टरकडे वाटून देण्याचे काम तो करतो. त्याच्यातल्या तांब्याच्या पट्ट्या उष्णतेने काळ्या पडतात, प्लॅस्टिक ठिसूळ होते. मालकाने हौसेने बसवलेला कर्कश हॉर्न, जादा दिवे आणि मोठी म्युझिक सिस्टीम या सगळ्यांची वायर इथूनच ओढलेली असेल, तर हा भाग वेळेआधी जळतो.

दोष कुणाचा?

किल्ली फिरत नाही म्हटल्याबरोबर कुलूप बदलायला धावण्याचे कारण नाही. पुष्कळदा दोष वेगळाच असतो.

गाडी फूटपाथला चाक टेकवून किंवा चाके वळवलेल्या अवस्थेत लावली असेल, तर स्टिअरिंगच्या खिळ्यावर ताण राहतो आणि किल्ली दगडासारखी घट्ट होते. काहीही मोडलेले नसते. डाव्या हाताने स्टिअरिंग दोन्ही बाजूंना हलके हलवत उजव्या हाताने किल्ली फिरवली की ती सुटते. हे माहीत नसल्यामुळे, पक्कड लावून फिरवताना किती किल्ल्या मोडल्या असतील त्याची गणती नाही.

दुसरी पायरी म्हणजे घरात पडून असलेली मूळ जोडकिल्ली शोधणे. रोजची किल्ली अडते आणि कपाटातली न वापरलेली किल्ली लोण्यासारखी फिरते, असे झाले तर कुलूप अजून ठीक आहे, किल्ली झिजली आहे. नवी किल्ली करायची ती या न वापरलेल्या किल्लीवरूनच. झिजलेल्या किल्लीवरून बनवलेली नवी किल्ली ही झिजेचीच नक्कल असते. नवी असून चालत नाही म्हणून मग बिचाऱ्या चावीवाल्याला दोष दिला जातो. बऱ्याच गाड्यांबरोबर किल्लीचा क्रमांक कोरलेली छोटी पट्टी मिळालेली असते. ती जपून ठेवली असेल, तर त्या क्रमांकावरून मूळ मापाची किल्ली कापून मिळू शकते. जुन्या फायलीत, गाडीच्या पहिल्या बिलाला टाचणीने लावलेली ती बहुधा सापडते.

दोन्ही किल्ल्या अडत असतील तर दोष कुलपाचा. किल्ली सहज फिरते, पण लाल दिवे लागत नाहीत, किंवा किल्ली जराशी हलवली की दिवे लागतात आणि जातात, तर मागचा स्विच तपासावा. दिवे स्वच्छ लागतात, पण स्टार्टर नुसता 'टक्' करतो, तर आधी बॅटरी आणि तिची टोके पाहावीत. तिथे साचलेला पांढरा-हिरवा थर कोमट पाण्याने धुतला की अर्ध्या तक्रारी मिटतात. आणि इंजिन सुरू झाल्यावरही स्टार्टरची घरघर थांबत नसेल, किल्ली आपोआप मागे येत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. अशा वेळी किल्ली हाताने मागे घ्यावी. स्टार्टर सतत फिरत राहिला तर तो जळतो आणि त्याचा खर्च कुलपाच्या कितीतरी पट होतो.

इथे घरगुती उपायांविषयी सांगणे आवश्यक आहे. अडलेल्या कुलपात खोबरेल तेल सोडणे हा आपल्याकडचा आवडता उपाय. दोन दिवस किल्ली छान फिरते. मग त्या तेलावर धूळ बसते, त्याची चिकट लापशी होते आणि पत्त्या कायमच्या चिकटतात. ग्रीसचेही तेच. कुलपासाठी कोरडी ग्राफाइटची भुकटी चांगली. ती न मिळाल्यास मऊ शिसपेन्सिलीचे टोक किल्लीच्या खाचांवर घासून ती पाच-सहा वेळा आतबाहेर करावी.

"वहिनी, बटण बसवून देतो"

खरा धोक्याचा क्षण येतो तो गॅरेजमध्ये. गाडी जुनी आहे, खर्च नको आहे, आणि मिस्त्री समजूतदारपणे म्हणतो, "वहिनी, कुलूप कशाला बदलता? दोन वायरी जोडून खाली एक बटण बसवून देतो. अर्ध्या तासात गाडी घेऊन जा." सल्ला देणारा वाईट माणूस असतो असे नाही. त्याला गिऱ्हाइकाचे पैसे वाचवायचे असतात. पण या बटणाने काय काय होते ते पाहावे.

एक तर गाडीला कुलूपच उरत नाही. त्याच खेपेत 'अडचण करतो' म्हणून स्टिअरिंगचा खिळाही काढून टाकलेला असतो. डॅशबोर्डखाली हात घालणारा कोणीही गाडी घेऊन जाऊ शकतो. दुसरे म्हणजे आग. इग्निशनकडे येणारी मुख्य वायर थेट बॅटरीकडून आलेली असते. तिला कापून, पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून बाजारातले साधे बटण लावले, तर उन्हाळ्यात चिकटपट्टीचा गोंद वितळतो, हादऱ्यांनी तार उघडी पडते आणि लोखंडी पत्र्याला लागते. त्या वाटेवर फ्यूज नसेल तर पुढे काय होते ते सांगायला नको. घरात लहान मूल असेल तर तिसरा धोकाही लक्षात घ्यावा. गिअरमध्ये उभ्या असलेल्या गाडीचे बटण त्याने खेळता खेळता दाबले, की गाडी पुढे उडी घेते.

खिळा अर्धवट झिजलेला किंवा अर्धवट काढलेला असेल तर प्रकरण आणखी गंभीर होते. बऱ्याच गाड्यांत किल्ली 'ॲक्सेसरी'वरून 'लॉक'वर नेताना ती थोडी आत दाबावी लागते. चालत्या गाडीत चुकून स्टिअरिंग अडकू नये म्हणून हा अडसर मुद्दाम ठेवलेला असतो. जुन्या, ढिल्या कुलपात तो राहत नाही. ज्या गाडीतून चालू इंजिनावर किल्ली बाहेर येते, त्या गाडीचा हा पहारेकरी झोपलेला आहे असे समजावे.

आणि आपल्याकडे तर घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करण्याची खोड आहे. खंडाळ्याचा घाट असो की कसाऱ्याचा, उतार लागला की किल्ली बंद. इंजिन बंद झाले की ब्रेकला जोर देणारा बूस्टर असलेल्या गाडीत दोन-तीन दाबांनंतर ब्रेक जड होतो. किल्ली चुकून 'लॉक'पर्यंत गेली किंवा बाहेर आली, तर वळणावर स्टिअरिंगच अडकू शकते. मग वाचलेल्या पेट्रोलचा हिशेब कोण करणार? गाडी पूर्ण थांबल्याशिवाय किल्ली 'लॉक'कडे न्यायची नाही, हा नियम नव्या कुलपालाही लागू आहे.

हे सगळे जुन्या गाड्यांचेच रडगाणे आहे असे कुणाला वाटेल. अमेरिकेतल्या जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीला २०१४ मध्ये शेवरोले कोबाल्टसह सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्या एवढ्याशा इग्निशन स्विचपायी. किल्ली 'ऑन'वर धरून ठेवणारी त्यातली स्प्रिंग कमजोर होती. खड्ड्याचा धक्का, चालकाच्या गुडघ्याचा स्पर्श किंवा जड किल्ल्यांचा जुडगा एवढ्यानेही स्विच 'ॲक्सेसरी'वर सरकत असे. इंजिन बंद, स्टिअरिंग जड आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडायची नाही. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत कंपनीने मालकांना एकच सूचना दिली होती. जुडग्यात फक्त गाडीची किल्ली ठेवा, बाकी सारे काढून टाका.

ही सूचना आपल्याही घरात पाळण्यासारखी आहे. घराची, कपाटाची, स्कूटरची, ऑफिसच्या ड्रॉवरची किल्ली, वर गणपतीचे पदक आणि बाटली उघडायचे साधन असा पावशेराचा जुडगा दिवसभर कुलपाला लोंबकळत असतो आणि आतल्या पत्त्या झिजवत असतो.

चोराला जुनी गाडी का आवडते

स्टिअरिंगच्या कुलपाचा उपयोग खरोखर होतो का, याचे उत्तर युरोपात मिळालेले आहे. पश्चिम जर्मनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या आणि जुन्या अशा सर्वच मोटारींना हे कुलूप सक्तीचे केले. मोटारचोऱ्या झपाट्याने उतरल्या आणि पुढेही आटोक्यात राहिल्या. ब्रिटनने १९७१ मध्ये सक्ती केली ती मात्र फक्त नव्या गाड्यांना. तिथल्या गृहखात्याच्या संशोधकांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गंमतीची गोष्ट आढळली. नव्या गाड्यांच्या चोऱ्या कमी झाल्या, पण चोरांनी आपला मोर्चा कुलूप नसलेल्या जुन्या गाड्यांकडे वळवला. एकूण चोऱ्यांत फारसा फरक पडला नाही.

आज तेच चित्र वेगळ्या रूपात आहे. नव्या गाड्यांच्या किल्लीत चिप असते. ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. ज्या जुन्या गाडीत चिप नाही, तिच्यात आणि चोरात उभे असते ते फक्त हे पितळी कुलूप आणि तो पोलादी खिळा. 'आमच्या खटाऱ्याला कोण नेतो?' असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये, की जुन्या गाडीला सुट्या भागांच्या बाजारात मागणी असते आणि ती नेणे सोपे असते.

कुलूप बदलताना काय घडते

आता प्रत्यक्ष काम. ज्याला हत्यारांची सवय आहे असा माणूस ते घरीही करू शकतो. बाकीच्यांनी गॅरेजमध्ये करून घ्यावे, पण समोर उभे राहून. काय चालले आहे ते कळत असले की फसगत होत नाही. ज्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे, तिथे मात्र घरी हात लावूच नये.

मारुती ८००चे उदाहरण घेऊ. सर्वांत आधी बॅटरीची ऋण म्हणजे वजा खुणेची तार काढायची. दहा नंबरच्या पान्याचे दोन मिनिटांचे काम, पण नेमके हेच आळसाने टाळले जाते आणि ठिणग्या उडतात. मग स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीचे प्लॅस्टिकचे वरचे-खालचे झाकण, त्याचे स्क्रू काढून उघडायचे. जुने प्लॅस्टिक ठिसूळ असते, म्हणून ओढाताण नको. आत कुलपाचे धातूचे घर दिसते आणि त्यातून निघालेल्या वायरींचा जुडगा एका कपलरला जोडलेला दिसतो. कपलरची कडी दाबून तो सोडवायचा. वायरी ओढायच्या नाहीत.

आता खरी गंमत पुढे आहे. कुलूप ज्या बोल्टांनी आवळलेले असते, त्यांना डोकेच नसते. पाना लावायचा तरी कुठे? चोराला पाना लावता येऊ नये म्हणूनच हे बोल्ट तसे बनवलेले असतात. कारखान्यात घट्ट करताना ठराविक ताणाला त्यांचे डोके आपोआप तुटून पडते. काढताना सेंटर पंच बोल्टच्या कडेला तिरपा ठेवून हातोडीने हलके ठोके मारतात आणि बोल्ट थोडा थोडा उलटा फिरवत नेतात. कुलपाचे घर ॲल्युमिनियमचे असल्यामुळे पंच घसरला तर त्याला इजा होते. काही कारागीर बोल्टवर करवतीने खाच पाडून स्क्रूड्रायव्हरने फिरवतात. या ठिकाणी घाई करणारा मिस्त्री ओळखू येतो. बोल्ट निघाल्यावर किल्ली 'ॲक्सेसरी' किंवा 'ऑन'वर फिरवायची, म्हणजे खिळा मागे येतो आणि कुलूप सुटून हातात येते.

नवे बसवताना क्रम उलटा. स्टिअरिंगच्या दांड्यातली लांबट खाच बाहेरच्या नळीतल्या भोकाच्या बरोबर मध्यावर आणायची, किल्ली 'ऑन'वर ठेवून कुलूप बसवायचे, मग किल्ली 'लॉक'वर नेऊन बाहेर काढायची आणि स्टिअरिंग हळूहळू फिरवून खिळा खाचेत नीट बसतो का ते पाहायचे. तो नीट बसला तरच नवे बोल्ट त्यांची डोकी तुटेपर्यंत आवळायचे. त्यानंतर पुन्हा किल्ली 'ऑन'वर करून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहायचे. कुठेही घासल्याचा, अडल्याचा भास होता कामा नये.

याच टप्प्यावर गिऱ्हाइकाने डोळ्यांत तेल घालून पाहावे. पुष्कळ ठिकाणी डोके तुटणारे बोल्ट 'मिळत नाहीत' म्हणून साधे बोल्ट लावले जातात. मिस्त्रीला पुढच्या वेळी सोपे जाते, पण चोरालाही तितकेच सोपे जाते. नव्या कुलपाबरोबर नवे बोल्ट आले आहेत का, ते दुकानातच खोका उघडून पाहावे. काम झाल्यावर तुटलेली दोन डोकी मागून घ्यावीत. ती हातात पडली म्हणजे काम नीट झाले.

अम्बॅसडरसारख्या जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत कुलूप डॅशबोर्डवर असते आणि काम त्या मानाने सोपे असते. समोरची गोल चकती सोडवली की स्विच मागून निघतो. लुकास पद्धतीच्या स्विचच्या अंगावर एक बारीक भोक असते. किल्ली फिरवलेल्या स्थितीत त्यातून तार घालून आतली कळ दाबली, की किल्लीचे नळकांडे तेवढे बाहेर येते. म्हणजे विजेचा भाग चांगला असेल तर तो तसाच ठेवून फक्त नळकांडे बदलता येते. पण इथे वायरी एकेकट्या असतात. तीस-चाळीस वर्षांत किती हातांनी त्या बदलल्या असतील, सांगता येत नाही. त्यामुळे रंगावर विसंबू नये. प्रत्येक वायर सोडवण्याआधी तिला कागदाची चिठ्ठी बांधावी, किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. एवढी एक गोष्ट मात्र आजच्या पिढीला पूर्वीच्या मिस्त्रींपेक्षा सोपी झाली आहे.

नवे कुलूप आणायचे कुठून?

जुन्या गाडीचे सुटे भाग मिळण्याची ठिकाणे प्रत्येक शहरात ठरलेली आहेत. मुंबईत ऑपेरा हाऊस, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत काश्मीरी गेट, बंगळुरूत जेसी रोड. जाताना गाडीच्या नोंदणी पुस्तकाची प्रत आणि शक्य असेल तर काढलेले जुने कुलूप बरोबर न्यावे. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक कपलर बदललेला असतो आणि दोन परत फेऱ्या माराव्या लागतात.

नुसते इग्निशनचे कुलूप घेतले, तर त्याची किल्ली वेगळी आणि दारांची वेगळी होते. दोन किल्ल्या सांभाळण्याची तयारी असेल तर हरकत नाही. नाहीतर इग्निशन, दोन्ही दारे आणि डिकी असा एका किल्लीचा पूर्ण संच घ्यावा. दारांची कुलपेही त्याच वयाची असतात, हे विसरू नये. तिसरा मार्ग म्हणजे चांगल्या कारागिराकडून नव्या कुलपातल्या पत्त्यांची जुळणी बदलून घेणे, म्हणजे जुन्या दाराच्या किल्लीनेच ते चालेल. हे काम करणारे हात आता कमी झाले आहेत, पण आहेत. भंगार बाजारातले वापरलेले कुलूप मात्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. त्याची तिसरी किल्ली कुणाच्या खिशात आहे ते कुणास ठाऊक.

किल्लीच हरवली तर

किल्ली हरवली आणि जोडकिल्ली नाही, अशा वेळी कुलूप फोडण्याचा आग्रह धरू नये. बऱ्याच गाड्यांत दाराची आणि इग्निशनची किल्ली एकच असते. कसलेला चावीवाला दाराचे कुलूप काढून त्यातल्या पत्त्यांची मापे पाहतो आणि त्यावरून किल्ली घडवतो. काही जण कोरी किल्ली कुलपात घालून हलवतात, तिच्यावर उठलेल्या अस्पष्ट खुणा पाहून कानशीने खाचा पाडतात, पुन्हा घालतात, पुन्हा घासतात. फूटपाथवर बसून केलेली ही कारागिरी पाहत राहावी अशी असते. गाडीची कागदपत्रे न विचारता किल्ली बनवून देणाऱ्याकडे मात्र जाऊ नये. तो उद्या दुसऱ्यालाही आपल्या गाडीची किल्ली तशीच बनवून देईल.

किल्ली मोडून तुकडा आत राहिला तर त्याच्यामागे दुसरी किल्ली घालू नये, तुकडा आणखी आत जातो. बारीक टोकाच्या चिमट्याने किंवा सोनाराच्या करवतीच्या पात्याने तो ओढून काढता येतो. मोडलेल्या टोकाला झटपट चिकटणारा गोंद लावून तो बाहेर ओढण्याची शक्कल कुणी सांगितली, तर कानावर घेऊ नये. तुकडा बाहेर येत नाही आणि कुलूप तेवढे कायमचे चिकटते.

हरवलेल्या किल्लीची पोलिसांकडे नोंद करून तिची प्रत ठेवावी. अनेक राज्यांत ही नोंद घरबसल्या संगणकावर होते. विम्याच्या दृष्टीने तिला महत्त्व आहे. गाडी चोरीला गेल्याचा दावा केला, की विमा कंपनी सर्व मूळ किल्ल्या जमा करायला सांगते. एक किल्ली कमी निघाली तर प्रश्न सुरू होतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात चालक किल्ली आतच ठेवून ट्रकमधून उतरला आणि ट्रक चोरीला गेला. कंपनीने दावा नाकारला होता. न्यायालयाने मालकाला रक्कम दिली, पण ७५ टक्के. बऱ्याच जुन्या गाड्यांचा तर फक्त तृतीय पक्षाचा विमा उतरवलेला असतो. त्यात चोरीची भरपाई मुळातच मिळत नाही, हे पॉलिसी काढून एकदा वाचून पाहावे.

कुलूप बदलले की विमा कंपनीला पत्र किंवा ई-मेल पाठवून तसे कळवावे, सोबत बिलाची प्रत जोडावी. नव्या किल्लीचा क्रमांक दोन ठिकाणी लिहून ठेवावा, पण गाडीत नव्हे. जोडकिल्ली महिन्यातून एकदा वापरून पाहावी. जुने कुलूप गॅरेजच्या कोपऱ्यात टाकून येऊ नये, घरी आणावे. दारांची कुलपे तीच राहिली असतील, तर त्या जुन्या कुलपावरूनही गाडीच्या दाराची किल्ली बनू शकते.